डोळे तेच, डॉक्टर नेटवर्कबाहेर

गेल्या वर्षी फेब्रुवारीत डोळ्यांच्या वार्षिक तपासणीची वेळ घेण्यासाठी मी नेहमीच्या दवाखान्यात फोन केला. पलीकडच्या बाईंनी माझी जन्मतारीख विचारली, संगणकावर काहीतरी पाहिले आणि थोडे थांबून सांगितले की, १ जानेवारीपासून आमच्या डॉक्टर तुमच्या व्हिजन प्लॅनच्या, म्हणजे डोळ्यांच्या विम्याच्या, नेटवर्कमध्ये (कंपनीशी करार असलेल्या डॉक्टरांमध्ये) नाहीत. यायचे असेल तर अवश्य या, पण तुम्हाला पूर्ण पैसे इथे भरावे लागतील आणि नंतर कंपनीकडे क्लेम करावा लागेल. त्या अतिशय सौजन्याने बोलत होत्या. दिवसभरात हेच वाक्य त्यांना कित्येकांना सांगावे लागत असणार, हे त्यांच्या आवाजावरून कळत होते.

नऊ वर्षे मी या एकाच डॉक्टरांकडे जात होते. न्यू जर्सीत राहायला आल्यावर पहिल्या वर्षी मी त्यांच्याकडे गेले आणि नंतर दुसरीकडे जाण्याचा विचारही मनात आला नाही. भारतातल्या वाचकांसाठी एक खुलासा करायला हवा. इथे डोळ्यांचे काम तीन वेगवेगळ्या लोकांकडे असते. शस्त्रक्रिया करणारे नेत्रतज्ज्ञ हे वैद्यकीय पदवीधर असतात. नंबर काढणारे, डोळ्यांचे आरोग्य पाहणारे आणि नियमित देखरेख ठेवणारे ते ऑप्टोमेट्रिस्ट, त्यांची स्वतंत्र चार वर्षांची पदवी असते. चष्मा बसवून देणारा तो ऑप्टिशियन. माझ्या डॉक्टर ऑप्टोमेट्रिस्ट आहेत आणि त्यांच्याच दवाखान्यात चष्मेही करून मिळतात.

माझ्या डोळ्यांबद्दल थोडे सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही. शाळेत असल्यापासून माझा नंबर मोठा आहे. आज दोन्ही डोळ्यांना उणे आठच्या आसपास आहे आणि चाळिशी उलटल्यावर वाचण्याचा नंबरही आल्यामुळे प्रोग्रेसिव्ह काचा लागतात. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे माझ्या आईला काचबिंदू आहे. पुण्याच्या घरी ओट्याच्या डाव्या बाजूला ठेवलेली भांडी तिच्या हाताचा धक्का लागून पडू लागली, तेव्हा आम्हाला ती तिची घाई वाटली. तपासणी झाली तोपर्यंत डाव्या डोळ्याच्या कडेची नजर बरीच गेलेली होती, आणि काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. आईवडिलांपैकी कोणाला हा विकार असला की मुलांना तो होण्याची शक्यता वाढते, आणि मोठा उणे नंबर हेही जोखीम वाढवणारे कारण आहे. माझ्या बाबतीत दोन्ही गोष्टी आहेत.

त्यातच माझ्या डोळ्यांच्या मागच्या बाजूला, जिथून दृष्टीची नस निघते तिथला मधला खोलगट भाग, ज्याला डॉक्टर ‘कप’ म्हणतात, तो जन्मतःच मोठा आहे. तो मोठा असणे म्हणजे काचबिंदू नव्हे. तो मोठा होत जाणे हे मात्र धोक्याचे लक्षण असते. एखाद्या डॉक्टरने एकदाच पाहून या दोहोंत फरक करणे अवघड असते, कारण तो फरक एका छायाचित्रात नसून दोन छायाचित्रांमध्ये असतो. माझ्या डॉक्टरांकडे अशी नऊ वर्षांची छायाचित्रे होती. दर वर्षी डॉक्टर संगणकाच्या पडद्यावर मागच्या वर्षीचे आणि या वर्षीचे चित्र शेजारी शेजारी लावत, बोटाने कडा दाखवत आणि म्हणत, “काही बदल नाही.” या तीन शब्दांसाठी मी त्यांच्याकडे जात असे.

आता व्हिजन प्लॅनविषयी. अमेरिकेत आरोग्यविमा वेगळा, दातांचा वेगळा आणि डोळ्यांचा वेगळा. आमचा व्हिजन प्लॅन माझ्या पतींच्या नोकरीतून मिळतो. तिघांच्या कुटुंबासाठी महिन्याला १९.५० डॉलर पगारातून कापले जातात, म्हणजे वर्षाला २३४. नेटवर्कमधल्या डॉक्टरकडे गेले तर तपासणीसाठी २० डॉलर को-पे (आपण भरायचा ठरावीक वाटा), काचांसाठी २५ डॉलर को-पे, आणि फ्रेमसाठी दोन वर्षांतून एकदा १५० डॉलरची मुभा, त्यावरच्या रकमेवर २० टक्के सूट. प्रोग्रेसिव्ह, पातळ काच आणि चमक रोखणारा थर यांचे पैसे वेगळे, पण ठरलेल्या दराने. नेटवर्कबाहेर गेले तर मात्र सगळे स्वतः भरायचे आणि मग कंपनी परत देणार तपासणीचे जास्तीत जास्त ४५ डॉलर, फ्रेमचे ७० आणि प्रोग्रेसिव्ह काचांचे ६५. दवाखान्याचे बिल कितीही असो, हे आकडे हलत नाहीत.

नोव्हेंबरमध्ये दर वर्षी विम्याची निवड नव्याने नोंदवावी लागते. आम्ही ती दर वर्षीप्रमाणे नोंदवली. डॉक्टर नेटवर्क सोडणार आहेत, हे त्या वेळी आम्हाला ना कंपनीने कळवले ना पतींच्या ऑफिसने. निवड करण्याचा कालावधी संपल्यानंतर वर्षभर ती सहसा बदलता येत नाही, त्यामुळे फेब्रुवारीत कळून काही उपयोग नव्हता. ज्या डॉक्टरांकडे गेल्या वर्षी माझी तपासणी झाल्याची नोंद कंपनीकडे आहे, ते डॉक्टर सोडून जात असल्याचे एक पत्र वेळेत पाठवणे कंपनीला अशक्य नव्हते. माझी सर्वांत मोठी तक्रार आजही तीच आहे. पैशांची तक्रार त्यानंतरची.

मी नियमाने चालायचे ठरवले आणि कंपनीच्या संकेतस्थळावर १५ मैलांच्या आतले डॉक्टर शोधले. सात नावे आली. त्यांपैकी दोन नावे एकाच दवाखान्याची होती. एक दवाखाना बंद झालेला होता. एका ठिकाणी सांगितले की, आम्ही हा प्लॅन घेतो, पण त्याचे नवे रुग्ण सध्या घेत नाही. आणखी एका ठिकाणी फक्त चष्मे मिळत होते, तपासणी होत नव्हती. उरलेल्या तीन ठिकाणांपैकी मॉलमधल्या एका दुकानात मला तीन आठवड्यांनंतरची वेळ मिळाली.

तिथल्या ऑप्टोमेट्रिस्टविषयी मला वाईट बोलायचे नाही. तरुण होता, मन लावून काम करत होता, पण बाहेर रांग होती आणि त्याच्या हाताशी माझा कोणताही इतिहास नव्हता. २० डॉलर को-पे भरला. डोळ्यांच्या पडद्याचे छायाचित्र प्लॅनमध्ये बसत नव्हते, त्याचे ३९ डॉलर वेगळे भरले. हवेचा झोत मारून दाब मोजला, तो उजव्या डोळ्यात २१ आला. मग त्याने छायाचित्र पाहिले, खुर्ची माझ्याकडे वळवली आणि गंभीरपणे सांगितले की, दाब वरच्या मर्यादेला टेकला आहे, नसेचा कप मोठा दिसतो आहे, आईचा इतिहास आहे, तेव्हा तुम्ही लवकरात लवकर काचबिंदूच्या तज्ज्ञाकडे जा. त्याच्या जागी कोणीही जबाबदार माणूस हेच म्हणाला असता. माझ्या काळजाचा मात्र ठोका चुकला. तज्ज्ञाची वेळ सात आठवड्यांनंतरची मिळत होती. त्या रात्री मी एक डोळा हाताने झाकून दुसऱ्या डोळ्याने खोलीच्या कडा बघत बसले. आईचे ओट्यावरचे पातेले राहून राहून आठवत होते.

चष्मा मी तिथे केला नाही. नंबराचा कागद मात्र न मागता मिळाला, कारण १९७८ पासून इथे तसा नियम आहे. फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेच्या ‘आयग्लास रूल’नुसार तपासणी संपताच नंबर लिहून देणे डॉक्टरवर बंधनकारक आहे, त्यासाठी वेगळे पैसे घेता येत नाहीत, आणि ‘चष्मा आमच्याकडेच करा’ अशी अट घालता येत नाही. कॉन्टॅक्ट लेन्ससाठी असाच कायदा २००३ साली झाला. दोन बाहुल्यांमधले अंतर, जे चष्मा करायला अत्यावश्यक असते, ते लिहून देणे मात्र या केंद्रीय नियमात येत नाही. ते अंतर माझ्या कागदावर नव्हते.

दहा दिवस कसेबसे काढून मी जुन्या डॉक्टरांनाच फोन केला. मला काय सांगण्यात आले ते ऐकून त्यांनी त्याच आठवड्यात बोलावले. आणि इथे मला एक गोष्ट प्रथमच कळली, जी नऊ वर्षांत कळायला हवी होती. त्या माझ्या व्हिजन प्लॅनच्या नेटवर्कबाहेर होत्या, पण माझ्या आरोग्यविम्याच्या नेटवर्कमध्ये होत्या. काचबिंदूचा संशय हा आजाराचा भाग असल्यामुळे त्याची तपासणी आरोग्यविम्यावर होते. नंबर काढणे हा आजार नव्हे, म्हणून ते व्हिजन प्लॅनवर. एकाच खुर्चीत, एकाच यंत्रावर हनुवटी टेकवून बसलेल्या माणसाच्या त्याच दोन डोळ्यांची तपासणी अशी दोन विम्यांत कापली जाते. काउंटरवर तुम्ही येण्याचे कारण काय सांगता, ‘वार्षिक तपासणी’ की ‘दाब वाढल्याचे सांगितले आहे’, यावर ती कोणत्या बाजूला पडणार हे बरेचसे ठरते.

डॉक्टरांनी जुन्या नोंदी उघडल्या. माझ्या डोळ्यांच्या पुढच्या पारदर्शक पटलाची जाडी त्यांनी पहिल्याच वर्षी मोजून ठेवली होती. ती सरासरीपेक्षा जास्त आहे, आणि पटल जाड असले की यंत्रावर दाब खऱ्याहून थोडा वाढीव दिसतो. त्यांनी डोळ्यांत थेंब घालून हलक्या स्पर्शाच्या उपकरणाने दाब पुन्हा मोजला, नसेच्या थरांची जाडी मोजणारी ओसीटी चाचणी केली, आणि एकेका डोळ्याने चमकणारे ठिपके दिसताच बटण दाबायचे, ती कडेच्या नजरेची चाचणी घेतली. मग नेहमीप्रमाणे चित्रे शेजारी शेजारी लावली. काही बदल नव्हता. मी तिथेच रडले. त्यांनी टिश्यूचा डबा पुढे केला आणि काही न बोलता बसून राहिल्या.

ज्या माहितीमुळे माझी भीती दहा मिनिटांत दूर झाली, ती माहिती मॉलमधल्या तरुणाकडे नव्हती, आणि असण्याचा काही मार्गही नव्हता. प्लॅनच्या दृष्टीने मात्र तो आणि त्या एकसारखेच. त्याच्या तपासणीला पूर्ण किंमत, त्यांच्या तपासणीला ४५ डॉलर. एकाच डोळ्याकडे वर्षानुवर्षे पाहत आलेल्या माणसाच्या ओळखीची किंमत या योजनेच्या कोणत्याच रकान्यात नाही. फ्रेमची आहे, काचेच्या थराची आहे, दुसऱ्या चष्म्यावरच्या सवलतीचीही आहे.

नेटवर्क का सोडले, असे मी त्यांना विचारले. त्यांनी मोकळेपणाने सांगितले की, एका तपासणीमागे प्लॅनकडून मिळणारी रक्कम अनेक वर्षे तेवढीच राहिली आहे, भाडे आणि पगार मात्र राहिलेले नाहीत. दुसरे असे की, प्लॅनच्या रुग्णांच्या काचा प्लॅनने ठरवलेल्या प्रयोगशाळेतूनच करून घ्याव्या लागत. काच चुकीची घासून आली, तर रुग्ण जाब त्यांना विचारणार, प्रयोगशाळा निवडण्याचा अधिकार मात्र त्यांना नाही. ही तक्रार एकट्या त्यांची नाही. व्हिजन व डेंटल प्लॅननी डॉक्टरांवर प्रयोगशाळेची सक्ती करू नये आणि प्लॅन ज्या सेवेचे पैसे देतच नाही तिचे दर ठरवू नयेत, यासाठी ‘डॉक ॲक्सेस ॲक्ट’ नावाचे विधेयक अमेरिकी काँग्रेसमध्ये आजवर अनेकदा मांडले गेले आहे.

या क्षेत्राची रचनाही समजून घेण्यासारखी आहे. एसिलॉरलक्झोटिका या एकाच उद्योगसमूहाकडे काचांचे कारखाने आहेत, रे-बॅन आणि ओकली या फ्रेम आहेत, लेन्सक्राफ्टर्स ही दुकाने आहेत आणि आयमेड हा व्हिजन प्लॅनही आहे. १९५५ साली कॅलिफोर्नियातल्या ऑप्टोमेट्रिस्टांनी सुरू केलेल्या व्हीएसपी या व्हिजन प्लॅन कंपनीकडे आज फ्रेम बनवणारी मार्चन आणि व्हिजनवर्क्स ही दुकाने आहेत. माझ्या अनुभवाशी यांपैकी कोणाचे नाव जोडण्याचा माझा हेतू नाही. पण विमा देणारा, फ्रेम बनवणारा आणि दुकान चालवणारा एकाच छपराखाली असू शकतो, हे लक्षात आले की नेटवर्कची कुंपणे जिथे आहेत तिथेच का आहेत, हे उमगायला मदत होते.

आता त्या दिवसाच्या पैशांचा हिशेब. काचबिंदूच्या तपासणीचे २१२ डॉलर आरोग्यविम्याकडे गेले. वर्षाच्या सुरुवातीला डिडक्टिबल (विम्याने पैसे देण्याआधी आपण भरायची ठरावीक रक्कम) भरलेले नसते, म्हणून ते सगळे मीच भरले. त्याचे मला दुःख नाही, निदान ते डिडक्टिबलमध्ये मोजले गेले. नंबर काढण्याचे ६० डॉलर मात्र दोन्ही विम्यांच्या मधल्या फटीत पडले. नंबर काढण्याला बिलात ९२०१५ असा स्वतंत्र संकेतांक असतो. आरोग्यविमा म्हणाला, हे आमचे नाही. व्हिजन प्लॅन म्हणाला, या वर्षीची तुमची एक तपासणी मॉलमध्ये झालेली आहे. चष्मा मी जुन्या डॉक्टरांकडेच केला. फ्रेम २१० डॉलर, आणि प्रोग्रेसिव्ह, पातळ, चमकरोधक काचा ४२०. एकूण ६३०.

यातले फ्रेमचे ७० आणि काचांचे ६५, असे १३५ डॉलर मला परत मिळायचे होते. ते मिळवायला मे ते सप्टेंबर लागले. मे महिन्यात अर्ज भरून पावती पाठवली. चार आठवड्यांनी पत्र आले की, पावतीवर फ्रेम आणि काचा यांच्या रकमा वेगळ्या दाखवलेल्या नाहीत. दवाखान्याने लगेच प्रत्येक गोष्ट वेगळ्या ओळीत मांडलेली पावती दिली. ती पाठवली, तर जुलैमध्ये उत्तर आले की, तपासणीचा लाभ या वर्षी आधीच वापरलेला असल्यामुळे दावा नामंजूर. मी तपासणीचे पैसे मागितलेच नव्हते. पण पावतीवर ६० डॉलरची ती नंबर काढण्याची ओळ होती, ती पाहून कोणीतरी पूर्ण दावाच बाजूला ठेवला होता. मग मी फोन सुरू केले. प्रत्येक वेळी नवी व्यक्ती, प्रत्येक वेळी पहिल्यापासून सगळी हकिकत. वहीत तारीख, वेळ, संदर्भ क्रमांक आणि बोलणाऱ्याचे नाव लिहीत गेले. चौथ्या फोनला वरच्या अधिकारी बाई आल्या. त्यांनी दोन मिनिटांत घोटाळा ओळखला आणि ती एक ओळ वगळून नवी पावती पाठवायला सांगितले. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात १३५ डॉलरचा धनादेश आला.

हाच चष्मा नेटवर्कमध्ये केला असता, तर फ्रेमसाठी ४८ आणि काचांसाठी सगळे को-पे धरून सुमारे २६० असे ३०८ डॉलर पडले असते. मला ४९५ पडले. म्हणजे चष्म्यावर १८७ जास्त, नंबर काढण्याचे ६० वेगळे, आणि मॉलमधले ५९ डॉलर वाया. ही रक्कम मी पदरमोड करून भरू शकले. ज्यांना ते शक्य नाही, त्यांनी डॉक्टर बदलायचा, आणि बदलताना आपल्या डोळ्यांचा इतिहास मागे सोडायचा, असाच याचा अर्थ होतो. जुन्या नोंदी नव्या डॉक्टरकडे पाठवता येतात हे खरे आहे, मागण्याचा हक्कही कायद्याने आहे. पण आपल्या नोंदींत मागण्यासारखे काही आहे, हे आधी रुग्णाला माहीत असावे लागते.

‘विमा’ हा शब्दच इथे चुकतो, असे मला वाटू लागले आहे. विमा अवचित येणाऱ्या मोठ्या संकटासाठी असतो. व्हिजन प्लॅन हे आधी हप्ता भरून ठरावीक दुकानांत मिळणाऱ्या सवलतीचे रूप आहे. डोळ्यावर खरोखरच संकट आले, पडदा सुटला, काचबिंदू झाला, तर त्यात या प्लॅनचा संबंधच उरत नाही. ही फाळणी जुनी आहे. १९६५ साली ज्येष्ठांसाठी मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्याचा कायदा झाला, तेव्हाच चष्मे आणि चष्म्यासाठीची तपासणी त्यातून वगळण्यात आली, श्रवणयंत्रे आणि दातांची नेहमीची कामेही वगळण्यात आली. आजही मूळ मेडिकेअरमध्ये चष्म्याला मदत मिळते ती मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत भिंग बसवल्यानंतर, एका जोडीपुरती. २०१० च्या आरोग्यसेवा कायद्याने मुलांची दृष्टी आवश्यक लाभांमध्ये धरली, प्रौढांची धरली नाही. १ जानेवारी २०२२ पासून ‘नो सरप्राइजेस ॲक्ट’ लागू झाला, तेव्हा नेटवर्कबाहेरच्या अनपेक्षित बिलांपासून आता संरक्षण मिळणार, असे आम्हा सगळ्यांना वाटले. पण तो कायदा मुख्यतः तातडीची सेवा आणि नेटवर्कमधल्या रुग्णालयात भेटणाऱ्या बाहेरच्या डॉक्टरांपुरता आहे. स्वतंत्र व्हिजन प्लॅन त्याच्या कक्षेत येत नाहीत.

आमच्याकडे रविवारी मराठी शाळा भरते. मुले आत बाराखडी गिरवत असतात आणि पालक बाहेर कॉफी घेऊन उभे असतात. मी ही हकिकत तिथे सांगितली, तेव्हा निम्म्या लोकांनी एकच उत्तर दिले: आम्ही इथे चष्मा करतच नाही, पुण्यामुंबईला गेलो की दोन दोन करून आणतो. मीही पूर्वी केले आहे. तिथे ओळखीचा दुकानदार असतो, नंबर दुकानातच काढून मिळतो, दोन-चार दिवसांत चष्मा हातात येतो, आणि इथल्या मानाने खर्च फार कमी. चष्म्यापुरते त्यात काही गैर नाही. भारतातल्या सर्वसाधारण आरोग्यविम्यातही चष्म्याचा खर्च सहसा मिळत नाही, पण तिथे तो सोसण्याजोगा असतो.

माझी चिंता निराळी आहे. चष्मा इथे करायचा नाही म्हटले की तपासणीलाही इथे कोणी जात नाही. भारतवारी होते दोन किंवा तीन वर्षांतून एकदा, लग्नकार्य आणि भेटीगाठी यांच्या गर्दीत. दुकानात नंबर निघतो, नस कोणी पाहत नाही. त्या दिवशी माझ्यासमोर उभ्या असलेल्या आठ जणांपैकी पाच जणांनी गेल्या तीन वर्षांत बाहुल्या मोठ्या करून डोळे तपासून घेतलेले नव्हते. त्यांतल्या दोघांच्या घरी काचबिंदू होता, एकाला मधुमेह होता. मधुमेह असणाऱ्याने दर वर्षी डोळ्यांचा पडदा तपासून घ्यायला हवा, आणि ती तपासणी व्हिजन प्लॅनवर नव्हे, आरोग्यविम्यावर होते, हे त्याला ठाऊकच नव्हते. व्हिजन प्लॅनमध्ये जवळपास कोणी डॉक्टर नाही, म्हणून तो गेलेला नव्हता. चुकीच्या दाराशी उभा राहून तो परत फिरला होता, आणि बरोबर दार कोणते हे त्याला कोणीही सांगितले नव्हते.

म्हणून आता मी ओळखीच्या प्रत्येकाला फोनवर दोन प्रश्न वेगवेगळे विचारायला सांगते: तुम्ही माझा आरोग्यविमा घेता का, आणि माझा व्हिजन प्लॅन घेता का. पहिल्याचे उत्तर ‘हो’ आणि दुसऱ्याचे ‘नाही’ असेल, तरी घरातला काचबिंदू, मधुमेह, डोळ्यांसमोर अचानक तरंगणारे ठिपके यांसाठी त्या डॉक्टरांकडे जाता येते. येण्याचे खरे कारण काउंटरवर नीट सांगावे. नंबर काढण्याची आणि चष्म्याची पावती पहिल्यापासूनच स्वतंत्र मागून घ्यावी, मला जे चार महिने खेटे घालावे लागले ते त्यामुळे टळतील. आणि नोव्हेंबरमध्ये निवड नोंदवण्यापूर्वी कंपनीच्या यादीवर विसंबून न राहता थेट दवाखान्यालाच विचारावे.

गेल्या नोव्हेंबरात आम्ही पुन्हा हिशेब मांडला. मी एकटी प्लॅनमधून बाहेर पडले असते, तर वर्षाला ७८ डॉलर वाचले असते. ज्या वर्षी चष्मा करायचा त्या वर्षी नेटवर्कबाहेरून मिळणारी रक्कम त्याहून जास्त आहे, मुलाला मॉलमधली साधी काच आणि फ्रेम पुरते, आणि तो वर्षातून एकदा तरी फ्रेमची काडी मोडून आणतोच. त्यामुळे ज्या प्लॅनवर माझा विश्वास उरलेला नाही, त्यातच मी राहिले. शिवाय पतींच्या ऑफिसच्या एफएसए या वैद्यकीय खर्चासाठीच्या खात्यात ३०० डॉलर करापूर्वीच्या पगारातून बाजूला ठेवले. ऑफिसच्या मनुष्यबळ विभागाला एक पत्रही लिहिले. डॉक्टर नेटवर्क सोडत असतील, तर ते निवड करण्याच्या कालावधीपूर्वी रुग्णांना कळवण्याची अट पुढच्या करारात घालावी, एवढीच मागणी त्यात आहे. पत्र मिळाल्याची पोच आली आहे. उत्तर अजून आलेले नाही.

या फेब्रुवारीत मी जुन्याच डॉक्टरांकडे गेले. मॉलमध्ये गेले नाही, त्यामुळे तपासणीचा लाभ या वेळी शिल्लक होता. काउंटरवर नंबराची पावती वेगळी मागून घेतली, एफएसएच्या कार्डावर पैसे भरले आणि त्याच संध्याकाळी क्लेम पाठवला. आत खोलीत डॉक्टरांनी दहावे चित्र नवव्याच्या शेजारी लावले, डाव्या डोळ्यापाशी जरा जास्त वेळ थांबल्या, चित्र मोठे केले, पुन्हा लहान केले. मग म्हणाल्या, “काही बदल नाही.” घरी आल्यावर पुण्यात सकाळ होण्याची वाट पाहिली आणि आईला फोन करून सांगितले.